दिवाळीत भावाची कॅरव्हॅन पुण्याहून बेळगावला येतेय. भीती नेमकी कशाची धरायची?

टिळकवाडी

नमस्कार मंडळी. माझा भाऊ पुण्याला असतो. त्यानं यंदा ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आतून घर करून घेतलंय. पाच जणांचं झोपणं, ओटा, शेगडी, छोटा फ्रीज, मागं संडास-बाथरूम. दिवाळीच्या सुट्टीत तो, वहिनी, दोन मुलं आणि आमची आई असे बेळगावला येणार. दोन दिवस आमच्याकडे राहतील, मग आमची गाडी बरोबर घेऊन सौंदत्ती, गोकाक, खानापूर-हलशी करायचं, चोर्ला घाटानं गोव्यात उतरायचं आणि तिथून आंबोलीवरून तो परस्पर पुण्याला जाणार. नऊ दिवसांचा बेत आहे, आणि १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, बरोबर त्यात मधे येतो.

घरात यावरून रोज बोलणं चाललंय. आमचे हे म्हणतात, एवढी मोठी पांढरी गाडी, वर एमएच १२, लांबून दिसणार. त्या आठवड्यात नकोच. पुण्याचे नातेवाईक भावाला जुन्या दगडफेकीचे व्हिडिओ पाठवतात. आई चौऱ्याहत्तरची, मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. तिला सौंदत्तीच्या यल्लम्माचं दर्शन घ्यायचंय, बाकी काही नको.

माझा जन्म बेळगावचा, शाळा इथली, सासर इथलं. मला स्वतःला या रस्त्यांवर कधी भीती वाटली नाही. पण भाऊ फोनवर विचारतो, "ताई, येऊ ना नक्की?" तेव्हा "ये की" म्हणताना जीभ अडखळते. काही झालं तर मी बोलावलं म्हणून झालं, हे मनातून जात नाही. म्हणून विचारते. तुम्ही जे रोज ये-जा करता, त्यांनी खरं काय ते सांगा. धीर द्यायचा म्हणून सांगू नका.


निपाणी_नाका

ताई, मी तंबाखूच्या धंद्यातला. आठवड्यात तीन-चार वेळा सीमेवरचा कोगनोळीचा टोल ओलांडतो. माझी गाडी केए २३, मेव्हण्याची एमएच ०९, दोन्ही गाड्या दोन्हीकडं फिरतात.

लपवण्यासारखं काही नाही. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बस वाहकाला मारहाण झाली, त्यावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवर थांबल्या. दोन्ही खरं आहे. फरक एवढाच की २०२२ ला आधी दोन आठवडे पेपरात तेच चाललेलं, कुणालाही कळत होतं. २०२५ चं एका दिवसात पेटलं. म्हणून नुसता पेपर वाचून भागत नाही. निघायच्या सकाळी आणि कोल्हापूर सोडताना, असे दोन फोन तुम्हाला करायला सांगा. तुम्ही घराबाहेर पडून चौकात काय आहे ते बघून सांगायचं. गडबड असली तर कोल्हापुरात किंवा कागलला एक रात्र थांबायचं. घर बरोबरच आहे, लॉजचं भाडंही नाही.

दिवस कुठले ते तुम्हाला मी काय सांगणार. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे दिवस, १ नोव्हेंबर, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाचे दिवस. १ नोव्हेंबरला एकीकडं काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, चन्नम्मा चौकाकडचे रस्ते बंद. तेवढी मोठी गाडी गर्दीत अडकली तर ना पुढं ना मागं. त्या दिवशी गाडी तुमच्या दारातून हलवू नका, झालं.

आता माझं खरं म्हणणं ऐका. तुम्ही सगळे नंबरप्लेटकडं बघताय. मी या पट्ट्यात माणसं गेलेली बघितली ती उसाच्या ट्रॉल्यांनी.

दिवाळीला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर उसाची मोळी रचलेली, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, मागं इतके लोंबतात की टेललाइट असली तरी झाकून जाते. पुढून आला तर ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असतो, तुम्हाला वाटतं मोटरसायकल येतेय. तीन वर्षांमागं संकेश्वरहून रात्री नऊला येत होतो. समोरून ट्रकचा झोत डोळ्यात आला, तो गेला आणि माझ्या बॉनेटपासून दहा-बारा फुटांवर नुसता काळा ढीग. ब्रेक दाबला, गाडी डावीकडं घसरली, आरशाची काच उसानं ओरबाडून नेली. मी उतरलो तर ट्रॉलीवाल्या पोराला काही कळलंच नव्हतं, तो तसाच हळूहळू पुढं चाललेला. रस्त्यावर पडलेली कांडी माझ्या हेडलाइटमध्ये दिसत होती. तो आवाज अजून कानात आहे.

माझी गाडी लहान, थांबली. तुमच्या भावाची भरलेली कॅरव्हॅन तेवढ्यात थांबणार नाही. म्हणून दिवस मावळला की चाक बंद. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, हुक्केरी, गोकाक, सगळीकडं हेच. साडेसहाला गाडी उभी पाहिजे. एवढं एक पाळलं तरी तुमची निम्मी काळजी गेली.


पुणेरी_प्रवासी

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या गाडीची मागची काच एकदा बेळगावच्या बाहेर फुटली आहे. कुणी मारलं, का मारलं, कळलं नाही. इजा झाली नाही, पण मागच्या सीटवर मुलगी झोपली होती आणि तिच्या केसांत काचा होत्या. त्यानंतर ती दोन वर्षं गाडीत झोपली नाही. आकड्यांत ही घटना लहान असेल, आमच्यासाठी नाही. बरोबर म्हातारी आई आणि मुलं असतील तर तो आठवडा टाळण्यात कमीपणा कसला? पंधरा दिवसांनी या, यल्लम्मा तिथेच आहे.


टिळकवाडी

@पुणेरी_प्रवासी, राग कसला. मुलीच्या केसांतल्या काचा वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. तुमचं म्हणणं भावालाही वाचायला दिलं. अडचण शाळेच्या सुट्टीची आहे, पण तारखा पुढं-मागं सरकवता येतील का ते बघते. @निपाणी_नाका, उसाच्या ट्रॉल्या आम्हाला इतक्या रोजच्या की धोका म्हणून डोक्यातच आल्या नाहीत.


कोथरूडची_वहिनी

वन्सं, मीच लिहिते आता, तुमच्या भावाला विचारलं तर ते "बघू" म्हणतील. माझी काळजी रात्रीची आहे. यांचं म्हणणं, जिथं आवडेल तिथं गाडी लावायची, तेच तर या गाडीचं सुख. मला ते पटत नाही. माळावर, धरणाच्या काठाला, हायवेच्या कडेला दोन मुलं घेऊन झोपायचं? तिकडं मुक्कामाला बरी जागा कुठली मिळेल? आणि कन्नड आम्हाला एक अक्षर येत नाही.


चिक्कोडीचा

वहिनी, हायवेच्या कडेला तर अजिबात नको. चोरापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची भीती जास्त. डुलकी लागलेला ड्रायव्हर उभ्या गाडीच्या लाल दिव्याकडंच ओढला जातो असं जुने ड्रायव्हर सांगतात. गाडी बंद पडली तरी माणसांनी आत बसू नये. सगळे उतरून कठड्यापलीकडं उभे राहा, त्रिकोण लांब मागं ठेवा आणि १०३३ ला फोन करा. ती राष्ट्रीय महामार्गाची मदत आहे. पोलीस, ॲम्ब्युलन्स काहीही लागलं तर ११२, दोन्ही राज्यांत तोच नंबर.

मुक्कामाला आमच्याकडं चांगल्या जागा आहेत, फक्त विचारायला लागतं. मंगल कार्यालयाचं आवार. मठ किंवा देवस्थानाचं पटांगण. ट्रकवाले रात्री थांबतात तो मोठा धाबा, जिथं रात्रभर दिवा आणि माणूस असतो. आवारात शिरताना गाडी उलटी घ्यायची, तोंड बाहेरच्या रस्त्याकडं. रात्री दार ठोठावलं तर उघडायचं नाही, आतून बोलायचं, आणि वाटलं तर सरळ चावी फिरवून निघायचं. म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर अंथरूण-बॅगा ठेवू नका.

कन्नडचं म्हणाल तर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, इथं मराठीवर सगळं भागतं. बैलहोंगल ओलांडलं, सौंदत्ती-गोकाककडं गेलात की कन्नडच. चार वाक्यं पाठ करून या. "अण्णा, इल्ली गाडी निल्लिसबहुदा?" म्हणजे इथं गाडी लावू का. "नीरु बेकु", पाणी पाहिजे. "दारी यावदु?", रस्ता कुठला. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "री" लावा, आपलं "जी" तसं ते. माझी आई कन्नड, वडील मराठी. मी दोन्हीकडून सांगतो, समोरच्याच्या भाषेत मोडकं-तोडकं बोललात की माणूस अर्धा आपला होतो. रस्ता चुकला म्हणून विचारायला थांबलेल्या पाव्हण्याला जेवायला बसवतील, पण त्याच्याकडं मोठ्या आवाजात मराठीतच उत्तर मागितलंत तर तोच माणूस पाठ फिरवेल. आणि गाडीवर झेंडा, घोषणा, भाषेचा स्टिकर, काही असेल तर काढून या. तुमचं मत तुमच्यापाशी, गाडीत आजी आहे.

अजून एक. सौंदत्तीला मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरची माणसं किती येतात ते एकदा बघा. एमएच ०९ च्या गाड्यांची रांगच असते. पिढ्यान् पिढ्या हे चाललंय. त्या डोंगरावर महाराष्ट्राचा नंबर कुणाला नवा नाही. यात्रेच्या पौर्णिमा सोडून गेलात तर आजींना दर्शनही निवांत होईल.


उद्यमबाग

आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. अशा तीन गाड्यांचं आतलं काम केलंय, आणि दुसरीकडून करून आलेल्या काही दुरुस्तीला आल्या आहेत. त्या अनुभवावरून लिहितो, थोडं लांबेल.

पहिलं कागद. भावाच्या आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय? मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंद असते, त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, पलंग आणि गॅस बसवला आणि आरसीवर जुनंच राहिलं, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात तो बेकायदा बदल होतो. पोलिसानं अडवलं तर दंड भरून सुटाल. अपघातानंतर विमा कंपनीनं बोट ठेवलं तर काय भरणार? शिवाय विम्यात आतल्या सामानाची किंमत धरली आहे का तेही बघा. गाडी स्वतःची आहे म्हणून परमिटचा प्रश्न नाही. भाड्याची असती तर पांढऱ्या प्लेटची घेऊच नका म्हटलं असतं. लायसन्सचं म्हणाल तर साध्या कारचं लायसन्स एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कायम केलंय. परराज्यातली गाडी म्हणून फिरायला येणाऱ्याला कर्नाटकात वेगळा रोड टॅक्स लागत नाही. कुणी रस्त्यात मागितला तर पावती मागा.

दुसरं वजन. पाण्याची टाकी १५० लिटरची असली तर १५० किलो तिथंच गेले. बॅटऱ्या, प्लायवूड, गाद्या, भांडी, पाच माणसं. एक गाडी माझ्याकडं "डाव्या बाजूला ओढते" म्हणून आली होती. टाकी, फ्रीज आणि ओटा सगळं एकाच बाजूला बसवलेलं, आणि मागच्या डाव्या टायरची कड पार गुळगुळीत. मालकाला वाटत होतं अलाइनमेंट बिघडली. निघायच्या आधी गाडी पूर्ण भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला, आरसीवरच्या आकड्याशी ताडा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. कॅरव्हॅन उभीच जास्त असते, नक्षी नवी दिसते आणि रबर मेलेलं असतं. घाटाआधी पाणी अर्ध्यावर आणा, बेळगावात भरून घ्यायला काय, नळ आहेच.

तिसरं गॅस, आणि हे सगळ्यात मनापासून सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो, पलंगाखालच्या कप्प्यात भरून राहतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजे. गेल्या वर्षी आलेल्या एका गाडीत ते भोक होतं, पण आतल्या बाईंनी झुरळं येतात म्हणून त्यात कापडाचा बोळा कोंबलेला. मी तो ओढून काढला तेव्हा त्या कापडालाच गॅसचा वास होता. त्या रात्री त्यांनी शेगडी पेटवली नाही, एवढंच त्यांचं नशीब. नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते ती वाचा. जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर गाडी हलवायची नाही. चालत्या गाडीत सिलिंडर रेग्युलेटरवरून बंद.

आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही. थंडी पडली म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची सिगडी ठेवून झोपणं, किंवा खिडकीखाली जनरेटर लावणं, यातून झोपलेला माणूस उठत नाही. खानापूरकडं त्या दिवसांत पहाटे गारठा असतो, मोह होतो. दोन चादरी जास्त घ्या. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि अलार्म बसवा, ऑनलाइन मिळतो.

बेळगावात आल्यावर गाडी शेडवर आणली तरी चालेल, नळी आणि जोड बघून देईन. पैसे नकोत.


लोंढा_पॅसेंजर

खानापूरच्या रानातलं मी सांगतो. भीमगड अभयारण्याच्या बाजूला, जांबोटी-कणकुंबीच्या पुढं, रस्त्याकडेला रात्र काढायचा विचार करू नका. वनखातं उठवेल ते वेगळं. आमच्याकडं अस्वलानं माणसं फाडलेली आहेत. गवे रात्री डांबरावर उभे असतात, डोळे चमकतात तोवर उशीर झालेला असतो. आजरा-चंदगडकडं हत्ती. ओल्या कचऱ्याची पिशवी गाडीखाली टांगून ठेवू नका.

चोर्ला सकाळी नऊनंतर, धुकं विरल्यावर उतरा. जांबोटीच्या पुढं रस्ता कसा आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या, दर पावसाळ्यानंतर वेगळाच असतो. उतारावर दुसरा गियर, इंजिनावर गाडी धरायची, ब्रेकवर नाही. लायनिंगचा जळका वास आला तर ब्रेक गेलाच समजा. रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, गरम ड्रमवर पाणी ओतू नका. गुगलनं तिलारी घाट दाखवला तर जाऊ नका. फार खडा आहे, तुमच्या गाडीचं काम नाही.


निपाणी_नाका

पावसाळ्यात कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर येतं, २०१९ आणि २०२१ ला पुण्या-बेंगळुरूचा रस्ता तिथं बंद होता. पाण्यात गाडी घालू नका, कितीही उंच असली तरी. दिवाळीत तो प्रश्न नाही.

पुण्याकडच्यांना, सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय, जागोजागी वळवलेला रस्ता, रात्री पट्टे दिसत नाहीत. पहाटे निघा.


टिळकवाडी

काल रात्री भाऊ, वहिनी, आम्ही दोघं आणि आई, सगळे फोनवर बसलो. हे कागद-पेन घेऊन बसले होते. नंबरप्लेटपासून सुरुवात झाली आणि तासाभरानं त्या कागदावर नंबरप्लेट चौथ्या ओळीवर गेली होती. वर काय होतं तर रात्रीचं चालवणं, गॅस, आणि आईचं इन्शुलिन.

इन्शुलिनचं डॉक्टरांना विचारलं. चालू पेन बाहेर राहिलं तरी महिनाभर टिकतं, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत नाही. शिल्लक पेनं फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला न चिकटवता. म्हणून एक पेन आईच्या पर्समध्ये, एक आमच्या गाडीत, बाकी फ्रीजमध्ये, असं ठरलं. एकच गाडी बंद पडली तरी सगळं अडायला नको.

बेत असा बदलला. भाऊ दोन दिवस आधी येतो. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर गाडी आमच्या दारात, कुणी कुठं जात नाही. २ तारखेला मी सकाळी चौकात जाऊन बघून आले की मग निघायचं. रोज साडेसहाला मुक्काम. कागदात एकच गोष्ट अडकली होती, आरसीवर अजून जुनीच नोंद आहे. वहिनीनं स्पष्ट सांगितलं, नोंद झाली तर गाडी येईल, नाही तर सगळे ट्रेननं. भावाला लागलं ते, पण गप्प राहिला. आता आरटीओच्या फेऱ्या मारतोय.

@पुणेरी_प्रवासी, तुमच्यामुळं एक केलं. मुलं मागच्या काचेजवळ झोपायची होती, त्यांची जागा मधल्या बाकावर नेली, बेल्ट आहेत तिथं. चालत्या गाडीत पलंगावर कुणीही नाही.


पुणेरी_प्रवासी

बेल्टचं फार बरं केलंत. मीही सुचवायला हवं होतं, राहून गेलं. मुलीला वाचून दाखवलं. पोहोचलात की लिहा, वाट बघतो.


कोथरूडची_वहिनी

काल पुण्यात पोहोचलो. नोंद झाली वेळेत, गाडीच आणली होती. वन्संनी लिहायला सांगितलंय.

१ तारखेला टिळकवाडीत दारातच होतो. लांबून ढोल आणि घोषणा ऐकू येत होत्या, मुलं गच्चीवरून बघत होती, बाकी काही नाही. सौंदत्तीला रस्त्यात एकदा चुकलो. मी खाली उतरून "दारी यावदु री?" म्हटलं. बाकावर बसलेले म्हातारे आजोबा इतके हसले, आणि मग मराठीतच म्हणाले, "ताई, सरळ जावा, उजव्या हाताला वळा." ते तरुणपणी इचलकरंजीत मागावर कामाला होते.

गोकाकला जाताना उशीर झाला, सहा वाजून गेले. हे म्हणाले, अजून पंचवीस किलोमीटरच तर आहे. तेवढ्यात पुढं दोन ट्रॉल्या दिसल्या, मागं वाढे लोंबत होते, दिवा नव्हता. यांनी काही न बोलता गाडी डावीकडच्या मंगल कार्यालयाच्या फाटकात घातली. रखवालदारानं बायकोला हाक मारून दिवा लावायला सांगितला, नळ दाखवला, पैसे घेतले नाहीत. सकाळी आईंनी तिच्या पोराच्या हातात चकल्यांचा डबा दिला.

उद्यमबागच्या दादांनी एक जोड बदलून दिला. साबणाचा बुडबुडा आला होता तिथं.